संशोधन मंत्रालयातल्या फाईलीत कसं पोहोचवावं : विद्यापीठातल्या समन्वयकासाठी मार्गदर्शक

विद्यापीठातून निघालेल्या संशोधन अहवालाचा मंत्रालयातला प्रवास बहुतेक वेळा आवक शाखेच्या शिक्क्यापाशी संपतो. दीडशे पानं, स्पायरल बाइंडिंग, वर कुलगुरूंच्या सहीचं पत्र आणि पत्रात शेवटची ओळ, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर’. कोणती कार्यवाही, ते पत्रात कुठेच नसतं. ज्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर हा गठ्ठा येतो त्याला त्यावरून फाईलीवर टिपणी (निर्णयासाठी वर पाठवायचा शेरा) लिहिता येत नाही, म्हणून गठ्ठा कपाटात जातो. यात त्याचा दोष फारसा नाही.

संशोधक आणि शासन यांच्यामधला समन्वय बघणाऱ्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात : हवा असलेला निर्णय कोणत्या टेबलावर होतो, आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यात होतो. टिपण, भेट, बातमी हे सगळं त्यानंतर. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे. एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, समाजशास्त्र विभागाने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळागळतीचा अभ्यास केला. निष्कर्ष असा, की आई-वडील तोडीला गेल्यावर मुलांना गावात ठेवण्यासाठी असलेली हंगामी वसतिगृहं उशिरा सुरू होतात, आणि तोवर मुलं बैलगाडीत बसून गेलेली असतात.

आधी टेबल शोधा

या एका निष्कर्षाला किती दारं आहेत ते बघा. हंगामी वसतिगृहं शालेय शिक्षण विभागाकडे, समग्र शिक्षा अभियानातून, आणि गावात ती चालवते शाळा व्यवस्थापन समिती. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना वेगळी. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची ही योजना आली ती सामाजिक न्याय विभागाकडून. कारखाना कधी सुरू होणार हे मंत्री समिती ठरवते आणि गाळप परवाना साखर आयुक्त देतात, म्हणजे सहकार विभाग. ‘ऊसतोड मुलांचा प्रश्न’ म्हणून या सगळ्या ठिकाणी एकच पत्र पाठवलं, तर सगळीकडून ‘सदर विषय या विभागाशी संबंधित नाही’ असं उत्तर येईल, आणि ते प्रत्येकाच्या बाजूने बरोबरही असेल.

टेबल शोधायचं सर्वांत चांगलं साधन म्हणजे शासन निर्णय, म्हणजेच जीआर. शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार सगळे जीआर आहेत. विषयाशी जुळणारे गेल्या दहा वर्षांतले काढा आणि प्रत्येक जीआरमध्ये चार जागा वाचा.

पहिली, वरचा क्रमांक. त्यात ‘प्र.क्र.’ नंतर तिरकी रेघ देऊन कार्यासनाचा संकेत असतो, उदाहरणार्थ शालेय शिक्षण विभागात ‘एसडी-६’. तेच तुमचं टेबल. दुसरी, ‘वाचा’ या शीर्षकाखालची यादी. आधीचे कोणते निर्णय आणि पत्रं विचारात घेतली ते तिथे क्रमाने असतं. त्या यादीतला प्रत्येक जीआर उघडून मागे मागे गेलात की धोरणाचा सगळा वंशवृक्ष हाती लागतो. तिसरी जागा शेवटच्या परिच्छेदात : ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने’. ही ओळ असेल तर या विषयात पैशाचा निर्णय वित्त विभागाला विचारल्याशिवाय होत नाही, आणि तुमच्या मागणीतही खर्चाचा आकडा लागणार. चौथी जागा, सहीच्या खालची ‘प्रत’ची यादी. अंमलबजावणीत कोणकोण आहे ते त्यातून कळतं, आणि शेवटी ‘निवड नस्ती’च्या (कार्यासनाने स्वतःकडे ठेवायच्या फाईलीच्या) जोडीला कार्यासनाचं नाव पुन्हा सापडतं.

हे वाचायला एका विषयाला दोन ते तीन दिवस लागतात. हे दिवस वाचवू नका. अभ्यासात सुचवलेली गोष्ट आधीच जीआरमध्ये आहे, फक्त पाळली जात नाही, असं निम्म्या वेळा इथेच लक्षात येतं. मग मागणीच बदलते. नवं धोरण मागायचं कारण उरत नाही, परिपत्रक काढा किंवा तारीख बांधून द्या एवढंच मागायचं. अशी मागणी मान्य होणं कितीतरी सोपं, कारण तिला मंत्रिमंडळ लागत नाही.

मंत्रालयाच्या आधी आयुक्तालयाचं दार वाजवावं, हेही लक्षात असू द्या. कृषी, शिक्षण, सहकार, साखर, समाजकल्याण ही आयुक्तालयं पुण्यात आहेत. मंत्रालयातली फाईल बऱ्याचदा ‘आयुक्तांचे अभिप्राय मागवावेत’ या शेऱ्यासह पुण्यालाच येते. अभिप्राय लिहिणाऱ्या माणसाने तुमचं टिपण आधीच वाचलेलं असलं तर एक पूर्ण फेरी वाचते. आणि काही निर्णय तर जिल्ह्यातच होतात. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होणाऱ्या कामासाठी मुंबई गाठणं म्हणजे शेजारच्या घरी जायला स्टँडवरून एसटी पकडणं.

मग महिना

समन्वयकाच्या टेबलासमोर बारा महिन्यांचा तक्ता टांगलेला असावा. त्यात या खुणा हव्यात.

अधिवेशनं तीन : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. अधिवेशन चालू असताना अधिकाऱ्याची भेट मागू नका. सगळा विभाग तारांकित प्रश्नांची आणि लक्षवेधींची उत्तरं तयार करत असतो. आमदारांना मात्र माहिती हवी असते ती त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे. तेव्हा सगळ्या पक्षांच्या संबंधित आमदारांना तेच, अक्षरशः तेच टिपण जावं. एका पक्षाकडे एक आणि दुसऱ्याकडे वेगळं टिपण गेलं की विद्यापीठ कुणाचं, ही चर्चा सुरू होते आणि वसतिगृह बाजूला पडतं.

अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांचे अंदाज त्याच्या कितीतरी आधी, पावसाळा संपता संपता तयार व्हायला लागतात. फेब्रुवारीत पोहोचलेली पैशाची मागणी ही खरं तर पुढच्या वर्षीची मागणी असते. समग्र शिक्षेची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रकही आधीच्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत बनतं, आणि त्याला केंद्राच्या प्रकल्प मान्यता मंडळाची मंजुरी लागते.

बदल्या एप्रिल-मे मध्ये. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानुसार नेमणुकीचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. त्यामुळे मार्चमध्ये पहिल्यांदा भेटलेला आणि विषय नीट समजलेला अधिकारी जूनमध्ये तिथे असेलच असं नाही. नवी मोठी भेट जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवलेली बरी.

आणि आचारसंहिता. २०२४ मध्ये १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. बीडच्या वाड्या-वस्त्यांवरून गाड्या निघतात ते हेच दिवस. त्या काळात नवा निर्णय निघत नाही.

हे सगळं आपल्या उदाहरणाला लावून बघा. कुटुंबं दसरा-दिवाळीच्या आसपास गाव सोडतात. वसतिगृह त्याआधी उघडायचं तर मुलांची यादी सप्टेंबरात व्हायला हवी, मंजुरीचा आदेश ऑगस्टअखेर, म्हणजे टिपण जुलैत टेबलावर. अभ्यासाचा अंतिम अहवाल डिसेंबरात येणार असेल, तर समन्वयकाने संशोधकाकडून जूनमध्ये अंतरिम निष्कर्ष मागावेत. इथे संशोधक हमखास अडतात : ‘विश्लेषण पूर्ण झालेलं नाही.’ त्यांचं म्हणणं रास्त आहे. मग एवढंच ठरवा की कोणता निष्कर्ष आज खात्रीने सांगता येतो आणि कोणता नाही. जो सांगता येतो तेवढाच टिपणात जाईल आणि त्यावर ‘अंतरिम’ असं छापलेलं असेल.

दोन पानांचं टिपण

दोन पानं, ए-फोर, युनिकोड मराठी, बारा किंवा तेरा पॉइंट. मराठीतच, कारण १९६४ च्या राजभाषा कायद्याने राज्याचा कारभार मराठीत चालतो आणि टिपणीही मराठीत लिहिली जाते. इंग्रजी सारांश पाठवला तर कक्ष अधिकाऱ्याला आधी भाषांतर करावं लागतं, आणि भाषांतरात संशोधकाचा नेमका शब्द हरवतो. त्याला तुमचं वाक्य उचलून स्वतःच्या टिपणीत जसंच्या तसं ठेवता आलं पाहिजे. कसोटी हीच. पीडीएफबरोबर वर्ड फाईलही द्या, आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेलं काहीही पाठवू नका. समोरच्या संगणकावर त्याची जिलबी होते.

नेहमी येणारं वाक्य असं असतं :

‘स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या पाल्यांच्या शैक्षणिक समस्यांकडे शासनाने गांभीर्याने लक्ष देणे गरजेचे आहे.’

यावर अधिकारी काय करणार? फार तर ‘लक्ष देण्यात येत आहे’ असं उत्तर. त्याऐवजी (आकडे कल्पित, नमुन्यापुरते) :

‘विषय : हंगामी वसतिगृहे स्थलांतरापूर्वी सुरू करण्याबाबत.
विनंती : वसतिगृह मंजुरीचे जिल्हास्तरीय आदेश दरवर्षी ३१ ऑगस्टपूर्वी निर्गमित करण्याबाबत परिपत्रक काढावे.
आधार : अभ्यासातील ६० पैकी ४१ शाळांत वसतिगृह पहिले कुटुंब गाव सोडून गेल्यानंतर सुरू झाले. या ४१ शाळांत मंजुरीचा आदेश ऑक्टोबर किंवा त्यानंतरचा आहे.
आर्थिक भार : तारीख अलीकडे आणल्याने अतिरिक्त भार नाही. मुलांची संख्या वाढल्यास प्रतिविद्यार्थी दर सध्याचाच राहील. वाढीव संख्येचा अंदाज परिशिष्टात.
मर्यादा : अभ्यास एका जिल्ह्याचा आहे. इतर जिल्ह्यांत उशिराचे कारण वेगळे असू शकते.’

‘विनंती’ एकच असावी, फार तर दोन. अकरा शिफारशींची यादी दिली की त्यातली सर्वांत बिनखर्चाची आणि बिनमहत्त्वाची उचलली जाते, आणि ‘शिफारस स्वीकारली’ म्हणून फाईल बंद होते. ‘आर्थिक भार’ हा परिच्छेद संशोधकांना नकोसा वाटतो, तो अर्थशास्त्र विभागातल्या कुणाला बरोबर घेऊन लिहा. भार शून्य असेल तर शून्य लिहा, पण रकाना कोरा ठेवू नका. खर्च असेल तर शक्य झाल्यास लेखाशीर्षही (अर्थसंकल्पात तो खर्च ज्या नोंदीखाली पडतो ती) शोधून द्या. कोऱ्या रकान्यावर वित्त विभाग प्रश्न विचारतो, त्या प्रश्नासह फाईल परत येते आणि दोन महिने जातात. ‘मर्यादा’ लिहिल्याने टिपण कमकुवत होतं ही भीती मात्र उगाच आहे. विरोधी बाजूने तीच मर्यादा काढली तर अधिकारी अडचणीत येतो, तुम्ही आधी सांगितली तर तो तयार असतो.

अभ्यासाला पैसे कुणी दिले तेही याच पानावर खाली एका ओळीत. साखर कारखान्याच्या ट्रस्टने दिले असतील तर नक्कीच.

विद्यापीठाच्या आतली परवानगी

खरी दिरंगाई मंत्रालयात होते असं मानायची पद्धत आहे. टिपण विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव, प्र-कुलगुरू असं फिरून येईपर्यंत ऑगस्ट उलटतो, हे कुणी मोजत नाही. म्हणून दोन प्रकारचे कागद आधीच वेगळे करून घ्या. संशोधकाचा निष्कर्ष सांगणारं टिपण संशोधकाच्या सहीने आणि समन्वय कक्षाच्या जावक क्रमांकाने जातं, आणि त्यावर ‘ही मते संशोधकांची आहेत’ अशी ओळ असते. विद्यापीठाची अधिकृत भूमिका सांगणारं पत्र कुलगुरूंच्या सहीने. पहिल्यासाठी पाच कामकाजाच्या दिवसांत हरकत आली नाही तर ती नाही असं समजावं, एवढा एक ठराव करून घेतला की वर्षाचं निम्मं काम सुकर होतं.

या समन्वय कक्षासाठी नवी समिती स्थापू नका. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात संशोधन मंडळ आहे, आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ आहे. त्यांपैकी एकाच्या छत्राखाली कक्ष बसवा. माणसं किती? एक पूर्णवेळ समन्वयक आणि मराठी उत्तम लिहिणारा एक अर्धवेळ लेखक एवढ्यावर वर्षाला सहा ते आठ विषय नीट होतात. तीस होत नाहीत. कोणते आठ, हे ठरवताना प्राध्यापकाची ज्येष्ठता बघू नये. येत्या बारा महिन्यांत त्या विषयावर कुठलं तरी टेबल निर्णय घेणार आहे का, एवढंच बघावं.

एक अडचण अलीकडे वारंवार येते. टिपण आवडलेला अधिकारी म्हणतो, ‘त्या मुलांची नावं आणि गावं द्या, आम्ही लगेच बघतो.’ हेतू चांगला असतो, तरी यादी द्यायची नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला जी सवलत आहे ती त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाणार नसेल तरच. शिवाय मुलाखतीच्या वेळी संमतिपत्रात ‘नाव कुणालाही देणार नाही’ असं आपणच लिहिलेलं असतं. तालुकावार किंवा केंद्रवार (शाळांच्या गटानुसार) संख्या द्या. संख्या इतकी लहान असेल की मूल ओळखू येईल, तर तीही एकत्र करून द्या.

भेट

पहिली भेट सचिवांची मागू नका. कक्ष अधिकारी किंवा अवर सचिव यांची मागा. टिपणी तिथून उगम पावते आणि वर जाते. पंधरा मिनिटं मिळतील असं धरून चाला, त्यातली पाच फोनमध्ये जातील. दोघांनी जावं, संशोधक आणि समन्वयक. संशोधक निष्कर्ष सांगेल, समन्वयक ऐकेल आणि लिहून घेईल. स्लाइड नकोत. दोन पानं, संबंधित जीआरची प्रत, आणि त्या जीआरमध्ये जे वाक्य बदलायला हवं त्यावर पेन्सिलीची खूण.

उठण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : ‘यावर पुढची कार्यवाही करायला तुम्हाला आणखी काय लागेल?’ उत्तर बहुधा कोरडं असतं. ‘आयुक्तालयाचा अभिप्राय’, ‘इतर जिल्ह्यांची आकडेवारी’, ‘वरून शेरा’. तेच तुमचं पुढच्या महिन्याचं काम. परतल्यावर दोन दिवसांत भेटीचा संदर्भ देऊन पत्र पाठवा आणि आवक क्रमांक घ्या. बदल्यांच्या त्याच २००५ च्या कायद्यात कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये असं कलम आहे. ते तोंडावर फेकायला नाही, पण आठवण किती दिवसांनी करावी याचं माप म्हणून उपयोगी पडतं. आवक क्रमांकाशिवाय आठवण करता येत नाही.

वर्तमानपत्राकडे टिपण द्यायचंच असेल तर विभागाला मिळाल्याची पोच हातात आल्यावर. अधिकाऱ्याने निष्कर्ष आधी बातमीत वाचला, तर विषयाची फाईल ‘बातमीवरील खुलासा’ या नावाने उघडते. मग सगळी बुद्धी अभ्यास कसा अपुरा आहे हे लिहिण्यात खर्ची पडते.

हरकती-सूचनांची मुदत

मसुदा जाहीर होतो तेव्हा वेळ कमी असतो. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. राज्याच्या मसुद्याची मुदत राजपत्रातल्या सूचनेत लिहिलेली असते, ती स्वतः वाचा, बातमीवर विसंबू नका. तीस दिवस असतील तर पहिल्या तीन दिवसांत मसुदा कलमवार वाचून कोण काय लिहिणार ते ठरावं, दहाव्या दिवशी कच्ची मतं जमा, अठराव्याला पहिला मजकूर, तेविसाव्याला विधी विभागातल्या कुणाच्या तरी नजरेखालून गेलेला मजकूर, सव्विसाव्याला रवाना. उरलेले चार दिवस ईमेल परत येण्यासाठी. ते परत येतात.

मजकूर चार रकान्यांच्या तक्त्यात : कलम, मसुद्यातले शब्द, सुचवलेले शब्द, कारण. सूचना एकत्र करणारा कर्मचारी नेमका असाच तक्ता बनवत असतो, तुमच्या ओळी त्यात सरळ जाऊन बसतात. ‘कायदा लोकाभिमुख असावा’ असल्या वाक्यांना त्या तक्त्यात जागाच नसते.

संसदेच्या स्थायी समित्यांची गोष्ट निराळी. अशा चोवीस विभागीय समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य. त्या जाहिरात देऊन इंग्रजी किंवा हिंदीत निवेदनं मागवतात. जाहिरातीतली बारीक अक्षरं वाचा : दिलेलं निवेदन समितीच्या कागदपत्रांचा भाग होतं आणि ते इतरत्र वाटणं हा विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभिमानाने ते चढवण्याची हौस इथे महागात पडते.

नोंदवही

प्रत्येक विषयाला एक ओळ : टेबल, पाठवलेला दिनांक, आवक क्रमांक, भेटलेल्याचं पदनाम, त्याने मागितलेली गोष्ट, पुढची तारीख. नावापेक्षा पदनाम महत्त्वाचं, कारण नाव बदलतं. मूल्यांकनासाठी किती भेटी झाल्या, किती परिषदा भरवल्या असे आकडे मागितले जातात. द्या, पण स्वतःसाठी वेगळी शिडी ठेवा : पत्राला उत्तर आलं, अभिप्राय मागवला गेला, परिपत्रक निघालं, जीआरच्या ‘वाचा’ यादीत आपल्या पत्राचा क्रमांक आला, लेखाशीर्षाखाली रक्कम पडली. फाईलीत काय झालं ते माहितीच्या अधिकारात बघता येतं. मात्र ज्या टेबलाशी रोजचं काम आहे तिथे पहिल्याच महिन्यात अर्ज टाकणं हे पाहुण्याने स्वयंपाकघरातले डबे उघडण्यासारखं आहे. आधी फोन करा.

वेळेचा अंदाज वरिष्ठांना सुरुवातीलाच द्या. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत १९९३ पासून तपासायला घेतली. निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मग राज्यातल्या सात ठिकाणी इतर संस्थांकडून तीच पद्धत पुन्हा करून पाहिली गेली, आणि देशभरच्या आशा कार्यकर्त्यांसाठी घरभेटींची मार्गदर्शक तत्त्वं आली २०११ मध्ये : दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, बेचाळीस दिवसांत. पुरावा भक्कम होताच. शिवाय ती पद्धत गावातली कमी शिकलेली बाईसुद्धा करू शकते हे दाखवलेलं होतं, आणि मधल्या काळात २००५ पासून आशा ही नेमणूकच अस्तित्वात आली. दोन वर्षांच्या प्रकल्पाच्या अनुदानातून हा काळ भरून निघत नाही. म्हणून प्रकल्प संपल्यावरही ती ओळ नोंदवहीत जिवंत ठेवायची जबाबदारी कक्षाची. संशोधक तोवर दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

दर जूनमध्ये बदल्यांची यादी आली की नोंदवहीतलं प्रत्येक पदनाम तपासा. माणूस बदललेल्या प्रत्येक टेबलावर तीच दोन पानं, जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ वर लिहून, पुन्हा पाठवा.